फटका कोणाचा? हाताचा की बॅटीचा?

साताऱ्याच्या गल्लीत असो की सांगलीच्या मैदानात, जाडजूड नवी बॅट आली की सगळे तिच्याभोवती जमतात. पण षटकार मारतं कोण? मुलगा की बॅट?

हा प्रश्न मोठ्यांनाही पडला. १७७१ साली इंग्लंडमध्ये एक फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला! मग नियम झाला : रुंदी सव्वाचार इंचच. तो आजही आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून जाडीलाही मर्यादा आली. कड ४० आणि मध्यभाग ६७ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. कारण चुकून कडेला लागलेला चेंडूही सीमापार जायचा. गोलंदाजाची मेहनत फुकट!

गोल्फचा चेंडूही फार लांब जाऊ लागला. मैदानं लांबवली, की जमीन आणि पाणी जास्त लागतं. म्हणून २०२३ साली चेंडूचे नियम कडक करायचं जाहीर झालं.

काही म्हणतात, सुधारणा का अडवता? हेल्मेट नाही का आलं? खरंय. पण हेल्मेट डोकं वाचवतं, जाड कड चूक झाकते. फरक इथेच आहे.

सांगलीच्या विजय हजारे यांनी १९४८ साली ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली, तीही तेव्हाच्या सडपातळ बॅटीने. सांगलीतच वाढलेल्या स्मृती मानधनाने २०१३ साली १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. बॅट राहुल द्रविडकडून मिळालेली होती. धावा मात्र स्मृतीच्या!

पालकहो, महागडी बॅट घेण्याआधी मुलांसोबत रोज अर्धा तास चेंडू टाकाल ना?