दुसऱ्याच्या चुलीवरची खिचडी

गेल्या रविवारी आमच्याकडे पाचसहा माणसे जेवायला होती. पानसुपारी झाल्यावर नातवाने आपली नवी रचना ऐकवली. साडेसहा मिनिटांची, संगणकावर बांधलेली, पण व्हायोलिने, चेलो, हॉर्न, बासऱ्या असा सगळा पाश्चात्त्य वाद्यवृंद त्यात आहे. 'होमवर्ल्ड' नावाच्या एका अंतराळातल्या खेळासाठी ती केली आहे. म्हणजे खेळ काढणाऱ्या कंपनीने सांगितले म्हणून नव्हे, खेळ आवडला म्हणून.

ऐकून झाल्यावर आमचे भाचेजावई म्हणाले, "मावशी, छान आहे हो, पण ही दुसऱ्याच्या चुलीवरची खिचडी झाली. गोष्ट त्यांची, जग त्यांचे, पैसा शून्य. आणि शेवटी काय, तर गेम!" सगळे हसले. नातूही हसला, पण मग त्याने लॅपटॉप मिटला तो मिटलाच. मी तेव्हा काही बोलले नाही. (जेवायला बोलावलेल्या माणसाशी भांडू नये, ही आईची शिकवण.) पण इथे माझे घर आहे, इथे बोलते.

आधी 'शेवटी काय, तर गेम' हे घेऊ. होमवर्ल्ड १९९९ साली कॅनडातल्या रेलिक या कंपनीने काढला. खराक नावाच्या वाळवंटी ग्रहावरच्या लोकांना वाळूखाली एक जुने जहाज सापडते. त्यातल्या शिळेवर त्यांच्या खऱ्या घराचा नकाशा असतो. ते एक प्रचंड यान बांधतात, चाचणीसाठी दूर जातात आणि परत येतात तो मागे राहिलेला ग्रह जळत असतो. उरलेली माणसे शीतनिद्रेतल्या पेट्यांत, आणि त्या पेट्या वाचवायच्या आहेत. घर सुटलेल्या माणसांची ही कथा आहे. हीच कादंबरीत वाचली असती तर आपण डोळे पुसले असते. खेळात आहे म्हणून ती पोरकट कशी झाली?

आता 'दुसऱ्याची चूल'. ग्रह जळतो त्या प्रसंगाला खेळात जे संगीत वाजते, ते खेळासाठी केलेलेच नाही! ते अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बर यांचे. १९३६ साली त्यांनी चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिचा संथ भाग मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठी मांडला, तो १९३८ साली तोस्कानिनी यांनी रेडिओवर वाजवला. पुढे १९६७ साली बार्बर यांनीच त्यावर चर्चमधले जुने लॅटिन प्रार्थनेचे शब्द बसवून ते समूहगान केले. आणि बत्तीस वर्षांनी ते एका जळत्या ग्रहावर जाऊन पोचले. म्हणजे आमच्या भाचेजावयांच्या न्यायाने या खेळाची चूलही उसनीच. उरलेले संगीत पॉल रस्के यांनी केले, ते बरेचसे विजेच्या वाद्यांचे, अंतराळाच्या पोकळीत विरघळणारे. दोन्ही शेजारी उत्तम नांदतात.

व्हिएन्नातल्या डियाबेली नावाच्या प्रकाशकाने १८१९ साली आपली एक साधीशी वॉल्ट्झची चाल अनेक संगीतकारांना पाठवली आणि प्रत्येकाकडून एकेक रूपांतर मागितले. बेथोव्हेनने एक नाही, तेहेतीस केली! १८२३ साली ती पुरी झाली. आज डियाबेलीचे नाव लोकांना ठाऊक आहे ते त्या तेहेतिसांमुळे. आपल्याकडे तर हे सांगायलाच नको. दोन ओळींची बंदिश कुणा पूर्वसूरीची असते, गवई त्यावर तासभर गातो, आणि श्रोत्यांत कुणी 'चोर, चोर' म्हणून उठत नाही.

उसने घेण्यालाही रीत असते, हे मात्र मान्य. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे, परवानगीवाचून विकू नये, आणि चाल जशीच्या तशी उचलून आपली म्हणू नये. नातवाने चाल घेतलेलीच नाही. त्याने प्रसंग घेतला आणि त्यावर स्वतःची सुरावट रचली.

आणि खेळातल्या संगीतकाराला जे करता येत नाही, तेच हा हौशी मुलगा करू शकतो. सिनेमात प्रसंग किती मिनिटांचा हे ठरलेले असते. खेळात खेळणारा कुठे दोन मिनिटे थांबेल, कुठे वीस, कुणाला माहीत? म्हणून संगीत पुन्हापुन्हा फिरत राहील आणि तरी कंटाळा येणार नाही, असे बांधावे लागते. त्याने पुढेपुढे करून चालत नाही. खेळ संपल्यावर मनात जे उरते त्याला सुरुवात, मध्य, शेवट द्यायचा तर खेळाबाहेर यावे लागते. नातवाने तेच केले.

'संगणकच तर वाजवतो' असेही एकजण म्हणाले. मीही तसेच समजत होते. मग त्याच्या शेजारी बसून पाहिले. संगणकातला हॉर्नवाला दमत नाही, म्हणून त्याच्या श्वासाची जागा रचणाऱ्याने सोडावी लागते. नाहीतर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेखाली स्वर नाही, तिथे व्हायोलाला बोलवावे लागते. बासरी खालच्या सप्तकात ठेवली आणि वर पितळी वाद्ये सोडली, की ती बुडते. तो हे सगळे पुस्तके वाचून आणि चुकतचुकत शिकला. मी शाळेत मुलांच्या मागे लागून जे शिकवू पाहत होते, ते हा कुणी मागे न लागता करतो आहे.

राहता राहिला पैसा. मराठीत 'हौशी' हा शब्द आपण एके काळी मानाने वापरत असू. हौशी रंगभूमीवर दिवसा कचेरीत कारकुनी करून रात्री तालमी करणारी माणसे होती, त्यांना कुणी 'मिळकत किती' विचारले नाही. मग या पोरालाच का विचारायचे?

आता माझी कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने निबंधाच्या वहीत पाठ्यपुस्तकातल्या धड्याची पुढची गोष्ट लिहून आणली होती. धडा संपल्यावर त्या पात्रांचे काय झाले ते तिला सांगायचे होते. चांगली चार पाने. मी लाल शाईने शेरा मारला, 'स्वतःचे लिही.' तिने त्यानंतर नेमलेले निबंध तेवढे लिहिले, चौदा ओळींचे, शुद्ध आणि निर्जीव. ते स्वतःचेच होते हे मला तेव्हा कळले नाही. कुणी एवढे प्रेम करून गोष्टीच्या आत शिरते, तीच लिहिण्याची सुरुवात असते. रविवारी लॅपटॉप मिटला तेव्हा मला ती वही आठवली, आणि भाचेजावयांचा राग आला तो निम्मा माझाच होता.

असो. भाचेजावई, हे तुम्ही वाचणार आहात हे मला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी परत जेवायला या. खिचडीच करते. आणि जेवणानंतर ती साडेसहा मिनिटे पुन्हा ऐकू, या वेळी मध्ये न बोलता. चौथ्या मिनिटाला बासरी जरा बुडते असे माझे मत आहे, नातवाला ते मान्य नाही. तुम्हीच ऐकून सांगा.