बंद खाणींचे पाणी कोणाच्या माथी?

दि. २९ जुलै २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कळणे गावी लोहखनिजाच्या खाणीचा मातीचा बांध फुटला आणि खड्ड्यात साठलेले पाणी तांबड्या चिखलासह गावात उतरले. घरांत, शेतांत, बागायतींत चिखल शिरला. या खाणीला ग्रामस्थांनी पूर्वीच विरोध केला होता. असा विरोध करणाऱ्यांना 'विकासविरोधी' ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. तो चिखल उपसण्याची वेळ मात्र त्या 'विकासविरोधकां'वरच आली.

सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा रत्नागिरीकरांनी हे परदुःख समजू नये. दापोली, मंडणगडच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि जांभ्याच्या चिरेखाणी तर गावोगाव आहेत. चिरा संपला की ठेकेदार यंत्रे उचलतो आणि उघडा खड्डा गावाला आंदण देऊन निघून जातो! त्याच्या कठड्याचा प्रश्न तर पुढेच राहिला. पायथ्याच्या पऱ्याचे काय, हे कोणी विचारीतही नाही.

कोकणातील सडा म्हणजे ओसाड कातळ, असा घाटावरच्या अधिकाऱ्यांचा समज दिसतो. वस्तुतः सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून हळूहळू झऱ्यांना सोडतो. गावच्या विहिरी आणि पाट त्यावर जगतात. खाणीत हा जांभाच काढून नेला जातो. मग वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस मुरणार कुठे? तो उघडी माती घेऊन धावतो, पऱ्या गाळाने भरतो आणि फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो.

कोळशाच्या प्रदेशात तर याहून भीषण प्रकार घडतो. कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचे खनिज असते. त्याला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. पूर्वांचलातील मेघालयात जैंतिया टेकड्यांतील लुखा नदी त्यामुळे हिवाळ्यात निळी दिसू लागली आणि मासे मेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली तेथील अनिर्बंध खाणकामावर बंदी घातली. परंतु सोडून दिलेल्या विवरांतून आम्ल झिरपतच राहिले. बंदीचा हुकूम खडकाला कळत नाही. कोकणचे पाणी असे आम्ल होईल, असे आम्ही म्हणत नाही. येथील संकट गाळाचे आणि आटणाऱ्या झऱ्यांचे आहे. मात्र मालक निघून गेल्यावर पाणी आपले काम चालूच ठेवते, हे दोन्हीकडे सारखेच.

कायदा नाही काय? आहे. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यापोटी आर्थिक हमी २००३ पासून बंधनकारक आहे. मोठ्या, यांत्रिक खाणींसाठी तेव्हा हेक्टरी पंचवीस हजार रुपये असलेली ही हमी २०१७ साली तीन लाख आणि २०२१ साली पाच लाख झाली. वाढ स्वागतार्ह आहे. पण मापाची पट्टीच चुकली आहे, त्याचे काय? हमी क्षेत्रफळावर ठरते. खड्डा किती खोल, त्यात पाणी किती साठणार, खाली झरा आहे की वस्ती, याचा त्या दराशी संबंध नाही. दहा हेक्टरच्या खाणीचे पन्नास लाख. मग ती माळरानावर असो वा गावाच्या डोक्यावर! आणि जांभा 'गौण खनिज' असल्याने चिरेखाणींना केंद्राची ही तरतूद लागूच नाही.

आम्ही खाणींचे सरसकट विरोधक नाही. देशाला पोलाद हवे, ॲल्युमिनियमही हवे. परंतु नफा कंपनीचा, स्वामित्वधन शासनाचे आणि गाळ तेवढा गावाचा, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते? आपल्याच गावचे काही प्रतिष्ठित जमिनीच्या सौद्यात दलाली करतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

नव्या खाणीचा प्रस्ताव येईल तेव्हा ग्रामसभेने रोजगाराचा आकडा ऐकण्यापूर्वी बंद करण्याचा आराखडा मराठीतून मागावा. सड्याखालच्या प्रत्येक झऱ्याची आणि विहिरीची वैशाखातील पातळी आजच मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावी. पुढे 'विहीर आधीपासूनच आटत होती' असे सांगणाऱ्यासमोर ठेवायला हातात कागद लागेल.