काळविटाला कर्ता पुरुष कोणी केलं?

जळकोट भागात सोयाबीन दोन-चार पानांवर आलं की हरणांचे कळप रानात उतरतात. त्यात काळ्या पाठीचा, पीळदार शिंगांचा एक नर दिसला की बांधावरचा माणूस सांगून मोकळा होतो : हा म्होरक्या, बाकी सगळं त्याचं कुटुंब. या समजुतीला टीव्हीवरच्या सिंहाने आयाळही चढवली. मग पारावर निकाल लागतो की, जनावरांतसुद्धा घर पुरुषच चालवतो.

हा निकाल मुळातच चुकीचा आहे.

काळवीट राखतो ती जमीन. माळाचा एक तुकडा धरायचा, ठरल्या जागी लेंड्यांचा ढीग घालायचा, डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव काडीला, झुडपाला घासायचा, हा त्याचा उद्योग. दुसरा नर हद्दीत शिरला की हा नाक वर, शिंगं पाठीकडे, कान पाडलेले आणि शेपूट वळवलेली अशा तोऱ्यात सामोरा जातो. माद्या मात्र चरत चरत एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत निघून जातात. त्याने आडवं येऊन पाहिलं तरी थांबतीलच असं नाही. जमीन न मिळालेले नर वेगळी टोळी करून हिंडतात. पाडस सुरुवातीला गवतात दडून असतं. त्याला पाजायला आई येते, बाप फिरकतही नाही. अशाला कुटुंबप्रमुख म्हणायचं, तर सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा कर्ता ठरेल.

आफ्रिकेतल्या सिंहाचा दाखलाही फसवाच. सिंहांच्या कळपाचा कणा म्हणजे आई, मावश्या, बहिणी. नर बाहेरून येतात, बहुधा दोन-तीन वर्षं टिकतात, आणि नवे आले की आधीच्यांची पिल्लं अनेकदा मारून टाकतात. ठिपकेवाल्या तरसांत तर मादीचाच वरचष्मा. लेकीला आईच्या खालोखाल मान मिळतो. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1972 च्या ग्रंथात दाखवलं की ही तरसं स्वतः शिकार करतात आणि टांझानियातल्या गोरोंगोरोत सिंहच पुष्कळदा त्यांच्या तोंडचा घास पळवतात. राजा म्हणे!

मग सगळीकडे आईचंच राज्य? तेही नाही. दख्खनच्या गवताळ माळावरचा लांडगा काळविटाच्या अगदी उलट वागतो. त्यालाही आधी म्होरक्याच ठरवलं होतं. 1947 मध्ये संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले कोंडलेले लांडगे पाहून सत्तेच्या भांडणांचं वर्णन केलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने टोळीवर सत्ता गाजवणारा ‘अल्फा’ घरोघरी नेला, आणि 1999 मध्ये मीच यांनीच तो खोडला : रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. पिल्लं कित्येक आठवडे बिळाशी अडकलेली, आई त्यांच्यापाशी; तेव्हा बाप पोटातून मांस आणून त्यांच्यापुढे ओकतो. आधीच्या वेताची पोरंही हातभार लावतात.

फरक पडतो तो पिल्लाच्या गरजेने. पाडसाला दूध आणि लपायला गवत पुरतं, थोड्याच दिवसांत ते आईमागे धावू लागतं. लांडग्याच्या पिल्लाला मांस लागतं, ते एकट्या आईला आणवत नाही.

राखणीला बसणाऱ्यानेही हे ध्यानात घेतलेलं बरं. काळा नर हुसकला म्हणजे कळप गेला, असं होत नाही. माद्या त्याच्या मागे आलेल्याच नसतात. त्या कोवळ्या पानासाठी येतात, आणि पान कोवळं आहे तोवर पुन्हा येतात. जागल त्यांच्या वाटेवर हवी.