पिचर परत यायला हवी

अमेरिकेची सॉफ्टबॉलपटू लिसा फर्नांडिस आठ वर्षांची असताना पहिल्यांदा पिचर म्हणून, म्हणजे बॅटरला चेंडू टाकायला, उभी राहिली. तिचा संघ तो सामना 28-0 असा हरला आणि तिचे चेंडू समोरच्या वीस जणींच्या अंगावर आदळले. हीच मुलगी पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून 1990 ते 1993 खेळली. पिचर म्हणून 93 सामने जिंकली, फक्त 7 हरली. मग 1996, 2000 आणि 2004 अशी ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. 2004 ला अथेन्समध्ये अमेरिकेने अख्ख्या स्पर्धेत 51 धावा काढल्या आणि एकच दिली.

मला तिच्या पदकांहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ऑलिंपिक खेळत असतानाच ती आपल्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतली आणि तिथेच रमली. 2007 पासून तिथल्या मुख्य प्रशिक्षक असलेल्या केली इनोये-पेरेझ या तिच्याच वेळच्या कॅचर. एक चेंडू टाकायची, दुसरी झेलायची. आता दोघी मिळून पुढच्या मुली घडवतात. त्यांच्या हाताखाली यूसीएलएने 2010 आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पिचिंग ही पुस्तकातून शिकायची गोष्टच नाही. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. इथे पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर 43 फूट. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, खालून येतो, आणि मांडीजवळून जाताना मनगटाचा झटका बसतो. मागचा पाय तोवर जमिनीवरून घासत पुढे आलेला असतो. ताशी शंभर किलोमीटरने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपुढे येतो. झटका जरा आधी बसला की चेंडू मातीत, जरा उशिरा बसला की डोक्यावरून. खांदा कुठे उघडला, पाऊल कुठे वळलं, हे ज्या बाईने स्वतः हजारो चेंडू टाकलेत तिला एका नजरेत कळतं. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या दुसऱ्या कुणाला ते कळायला वर्षं लागतात, आणि तोवर त्या पोरीचा खांदा दुखावलेला असतो.

म्हणून आमच्या आदिलाबादची काळजी वाटते. पैनगंगेच्या अलीकडच्या या पट्ट्यात, बेला-जैनदपासून उटनूरच्या आश्रमशाळांपर्यंत, दमदार खांद्याच्या मुलींना तोटा नाही. कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या घरांतल्या या मुली. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे. पण एकाच पीईटी सरांकडे कबड्डी, खो-खो, धावणं असं सगळं असतं, त्यात पिचिंगच्या बारकाव्यांना वेळ कुठून येणार? मुलगी शाळेत खेळायला लागते, डिग्रीपर्यंत रेटते, मग लग्न होतं आणि ग्लोव्ह माळ्यावर जातो. तिच्या मनगटातली विद्या तिच्याबरोबर सासरी जाते आणि कॉलेजात पुढची मुलगी पुन्हा पहिल्यापासून चाचपडते.

सरकारने माजी खेळाडूंचा विचार केलेला नाही असं नाही. ‘खेलो इंडिया’त जिल्हा पातळीवरची छोटी केंद्रं माजी खेळाडूंच्या हाती देण्याची योजना आहे, खर्चाला अनुदानही आहे. कल्पना फार चांगली. पण ती ठरावीक ऑलिंपिक खेळ, फुटबॉल आणि देशी खेळांपुरती आखली गेली. सॉफ्टबॉल त्यात बसवलाच नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे (सामने मात्र दूर ओक्लाहोमा सिटीत). जगाने हा खेळ पुन्हा आत घेतला असताना आपण तो यादीबाहेर ठेवायचं कारण काय?

योजना बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. आदिलाबादच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे : कॉलेजची जुनी क्रीडा रजिस्टरं काढा, विद्यापीठ संघात खेळलेल्या पिचर शोधा आणि त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर बोलवा. फुकट नव्हे, मानधन देऊन. आणि वाचकहो, तुमच्या घरात कधीकाळी पिचर असलेली सून असेल, तर बोलावणं आल्यावर त्या दोन संध्याकाळी घरचा स्वयंपाक तुम्ही बघा.