पाठीची चकाकी आणि पडद्याची परीक्षा

मडके घ्यायचे तर ते वाजवून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. बाजारातली बाई मडके हातात घेते, बोटाच्या पेराने टिचकी मारते, आवाज ऐकते आणि मगच भाव करते. मडक्याचा रंग किती तांबूस आहे, हे ती शेवटी पाहते. कारण तिला ते शोभेला ठेवायचे नसते, त्यात पाणी भरायचे असते. असे व्यवहारचातुर्य ज्या समाजाच्या अंगी आहे, त्याच समाजातली आम्ही शिकलीसवरलेली मुले-मुली दहा हजारांचा मोबाइल घ्यायला जातो, तेव्हा पहिल्याप्रथम काय पाहतो? त्याची पाठ!

होय, पाठच. दुकानदार खोका उघडतो आणि मोबाइल पालथा करून आपल्यापुढे धरतो. दिव्याखाली ती पाठ कधी मोरपिशी चमकते, कधी चांदण्यासारखी लुकलुकते. कोपऱ्यात कॅमेऱ्याची दोनतीन ऐटबाज वर्तुळे असतात. आपण हरखतो, पैसे मोजतो आणि त्याच दुकानात, त्याच काउंटरवर त्या पाठीला एक जाड कव्हर चढवून घेतो! ज्या रूपावर भाळून वस्तू घेतली, ते रूप दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीच झाकले जाते. पुढची तीनचार वर्षे ती पाठ कुणालाच दिसत नाही. आपल्याला रोज, तासन् तास दिसतो तो पडदा. आणि त्या पडद्याविषयी आपण दुकानदाराला एकच प्रश्न विचारलेला असतो : “किती इंची आहे?”

मी कला शाखेच्या तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. तंत्रज्ञान हा माझा प्रांत नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले. कारण मोबाइलचा पडदा हा आता तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही, तो वाचकांचा विषय झाला आहे. २०२० साली टाळेबंदी आली आणि वर्ग, फळा, वही, ग्रंथालय सारे काही त्या हातभर अंतरावरच्या पडद्यात येऊन बसले. टाळेबंदी उठली, वर्ग भरू लागले. पण वाचनाची ती सवय मागे गेली नाही. मराठी विश्वकोश आज मोबाइलवर वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या संदर्भग्रंथाची ग्रंथालयात एकच प्रत असते आणि ती परीक्षेच्या आधी कधीच जागेवर नसते, तो ग्रंथ खिशात येऊ शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच ज्या पडद्यावर आपण तो वाचणार, त्याची परीक्षा करायला आपण शिकले पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम त्या ‘इंची’चे कोडे उलगडू. पडद्याचा इंच हा रुंदीचा नसतो. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरका मोजलेला असतो. पडदा जितका उंच आणि निमुळता करावा, तितका हा आकडा फुगतो. उदाहरणच घेऊ. जानेवारी २०१७ मध्ये शाओमी कंपनीचा ‘रेडमी नोट ४’ भारतात आला. किंमत ९,९९९ रुपयांपासून पुढे. पडदा साडेपाच इंची. त्याच कंपनीचा ‘रेडमी १३ सी ५ जी’ डिसेंबर २०२३ मध्ये आला. किंमत याच, दहा हजारांच्या आसपासच्या, गटातली. पडदा ६.७४ इंची. कुणीही म्हणेल, केवढी ही वाढ! परंतु पहिल्याचे प्रमाण १६ : ९ आणि दुसऱ्याचे २० : ९ आहे. भूमितीचे साधे गणित मांडले, तर पहिल्याची रुंदी भरते सुमारे ६.८५ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची सुमारे ७.०३. सव्वा इंचाचा गाजावाजा, आणि मजकुराची ओळ लांबली ती पुरती दोन मिलिमीटरही नाही! वाढली ती उंची. चित्रफिती आडव्या धरून पाहणाऱ्याला तिचा उपयोग असेल. ओळीमागून ओळ वाचणाऱ्याला फारसा नाही.

आता दुसरी गोष्ट. पडद्यावरचे अक्षर शाईचे नसते, प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांचे असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीत ठिपके जितके जवळजवळ, तितकी नक्षी रेखीव; तसेच हे. २०१७ च्या त्या मोबाइलच्या पडद्यावर १०८० गुणिले १९२०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होते. २०२३ च्या मोठ्या पडद्यावर ७२० गुणिले १६००, म्हणजे ११ लाख ५२ हजार. एका इंचात पहिल्यावर सुमारे ४०० ठिपके बसतात, दुसऱ्यावर सुमारे २६०. पीठ निम्म्यावर आले आणि भाकरी मात्र थोरली थापली, असा हा प्रकार. गंमत अशी की, २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांना आलेल्या ‘जिओफोन नेक्स्ट’च्या ५.४५ इंची पडद्यावर इंचाला सुमारे २९५ ठिपके होते. म्हणजे ज्याला आपण ‘साधा’ म्हणून नाक मुरडतो, तो अक्षरांच्या रेखीवपणात मोठ्या भावंडाच्या पुढे!

न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१७ चे दहा हजार आणि २०२३ चे दहा हजार सारखे नव्हेत. रुपयाची किंमत घसरली आहे. शिवाय नव्या मोबाइलमध्ये साठवणीची जागा चौपट आहे, बॅटरी मोठी आहे, नव्या पिढीचे नेटवर्क आहे. कंपनीने आपल्याला लुबाडले, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की, ठरावीक पैशांत वस्तू बनवणाऱ्याला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. आणि ग्राहक जिथे पाहत नाही, तिथेच तो घेतला जातो. आपण पाठ पाहिली, इंच विचारले, कॅमेऱ्याचे आकडे तोंडपाठ केले. ठिपके कुणी विचारलेच नाहीत. म्हणून ते कमी झाले. या व्यवहारात कंपनीइतकेच आपणही भागीदार आहोत.

यावर कुणी म्हणेल, “डोळ्यांना एवढा फरक कळतो तरी का?” रोमन लिपीत कदाचित चटकन कळणार नाही. आपल्या देवनागरीत कळतो. आपले अक्षर तीन मजली आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मधल्या मजल्यावर मूळ वर्ण. तळमजल्यावर उकार आणि ऋकार. ‘दृष्ट्या’, ‘लक्ष्म्या’, ‘धृतराष्ट्र’ असले शब्द लिहायचे म्हणजे एवढ्याशा जागेत सारे बिऱ्हाड बसवायचे. दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर घ्या : इंचाला ४०० ठिपके असलेल्या पडद्यावर त्याच्या उंचीला ३१ ठिपके येतात, २६० च्या पडद्यावर जेमतेम २०. त्या विसांत तीन मजले उभे करायचे! मग रफार शिरोरेषेला चिकटतो, जोडाक्षराचे पोट भरून जाते आणि अनुस्वार आहे की पडद्यावरची धूळ आहे, असा संभ्रम पडतो. आणि आपल्या भाषेत त्या एका टिंबाने ‘खत’ची ‘खंत’ होते, ‘वश’चा ‘वंश’ होतो. आपण अंदाजाने वाचतो, मागे येतो, पुन्हा वाचतो. डोळे शिणतात आणि दोष मात्र आपण ‘एकाग्रता होत नाही’ म्हणून स्वतःला देतो.

छापील पानाची प्रतिमा वाचताना तर हा जाच दुप्पट होतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते. ते सात सेंटिमीटरच्या पडद्यात बसवले की अक्षर नेमके निम्मे होते. मग ते बोटांनी मोठे करायचे, डावीकडून उजवीकडे सरकवायचे, ओळ संपली की परत मागे आणायचे. अशा रीतीने ४० पाने वाचून पाहावीत; मग पडद्याची परीक्षा हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे कुणी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. पडद्याची प्रखरता ‘निट’ या मापाने मोजतात. एका चौरस मीटरमधून एक कँडेला प्रकाश, म्हणजे एक निट. दुकानात ती नेहमी पुरेशी वाटते, कारण दुकानात ऊन नसते. परंतु आपण मोबाइल वाचतो कुठे? एस. टी. स्टँडच्या कट्ट्यावर, बसच्या खिडकीशी, कॉलेजच्या पायऱ्यांवर, शेताच्या बांधावर. तिथे स्वस्त पडद्याचा आरसा होतो आणि त्यात मजकुराऐवजी आपलाच आठ्या घातलेला चेहरा दिसतो. जाहिरातीत निटचा मोठा आकडा छापलेला असला, तरी तो ‘कमाल’ आहे की नेहमीचा, हे विचारावे. कमाल आकडा पुष्कळदा पडद्याच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरताच असतो.

चौथी गोष्ट, आजकाल फार बोलबाला असलेली : पडदा सेकंदाला ९० वेळा, १२० वेळा ताजा होतो म्हणे. होतो, खोटे नाही. बोटाने पान सरकवताना त्याचा गुळगुळीतपणा जाणवतो. पण स्थिर पानावरचे अक्षर त्यामुळे रेसभरही रेखीव होत नाही. वाचणाऱ्याला ६० पुरे. ‘१२० की १०८०?’ असा प्रश्न पडला, तर वाचकाने दुसऱ्या आकड्याची बाजू घ्यावी.

आता रूपाविषयी दोन शब्द. रूपावर भाळणे हा तारुण्याचा अपराध नव्हे, आणि गरिबाने सुंदर वस्तूची हौस धरू नये असे म्हणणारी माणसे मला मुळीच आवडत नाहीत. परंतु घडण म्हणजे केवळ रंग नव्हे. वस्तू हातात कशी बसते, हीही घडणच. बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या मुलीला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडद्याचा वरचा कोपरा गाठता येतो का? तिच्या पोशाखाला खिसाच नसतो, आणि असलाच तर त्यात हा सहा-सात इंची पाट मावतो का? टेबलावर ठेवला की कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डुगडुगतो का? कॅमेऱ्याच्या तीन वर्तुळांपैकी खरोखर कामाची किती? आणि पडदा फुटला, बॅटरी थकली, तर तालुक्याच्या गावी तो दुरुस्त होईल का, आणि किती पैशांत? ‘जिओफोन नेक्स्ट’चे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई, आता बहुतेक मोबाइल चिकटवून बंद केलेले असतात. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसोबत दुरुस्तीसुलभतेची श्रेणी सांगणारी छापील चिठ्ठी द्यावी लागते. घडणीचे मूल्यमापन म्हणजे काय, हे त्या एका चिठ्ठीत आहे. आपल्या खोक्यावर अजून चकाकणाऱ्या पाठीचेच चित्र असते.

मग करावे काय? मित्रहो, मडक्याला टिचकी मारावी! दुकानात मोबाइल हाती घेतला की त्यावर चित्रफीत लावू नये. दुकानदार दाखवतो ती चित्रफीत मोबाइल खपवण्यासाठीच तयार केलेली असते. मराठीचे एखादे दाट पान उघडावे, विश्वकोशातली एखादी नोंद चालेल. अक्षर सर्वांत लहान करावे. उजेड निम्म्यावर आणावा. जोडाक्षरे सुटी दिसतात का, अनुस्वार ठसठशीत आहे का, पाहावे. पडदा जरा तिरपा करावा. रंग पालटतो का, पाहावे. मग दुकानदाराची परवानगी घेऊन उंबऱ्याबाहेर उन्हात दोन पावले जावे आणि तेच पान पुन्हा वाचावे. तो कुरकुर करील; करू द्यावी. पैसे आपले आहेत, आणि डोळेही आपलेच. शेवटी खोक्यावर ७२० लिहिले आहे की १०८०, हे पाहावे आणि त्यानंतर, पुरते समाधान झाल्यावर, हवा तो रंग खुशाल निवडावा.

आमच्या गुरुजनांनाही एक नम्र विनंती आहे. “मोबाइल ठेवा आणि पुस्तक वाचा,” हा आपला उपदेश मोलाचा आहे. पण ज्याच्या हाती पुस्तक येत नाही, त्याच्या हाती तो पडदाच असतो. तेव्हा टिपणे पाठवताना पानांचे फोटो काढून पाठवण्याऐवजी, शक्य असेल तिथे, ती युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावीत. फोटोतले अक्षर पडद्यात अडकून पडते. टंकलिखित मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला मांडून घेतो आणि हवा तेवढा मोठा करता येतो. टंकलेखनाचे काम आम्ही विद्यार्थी वाटून घेऊ. दहा जणांनी दोन-दोन पाने घेतली, तरी वीस पानांचे टिपण एका संध्याकाळी पुरे होईल, आणि ज्याच्याकडे सर्वांत स्वस्त मोबाइल आहे, तोही ते डोळे न ताणता वाचील.

कंपन्या आपल्यासाठी काय बनवतात, हे आपण काय विचारतो त्यावर ठरते. आजवर आपण ‘दिसतो कसा?’ एवढेच विचारले, आणि दिसण्यासारखी वस्तू आपल्याला मिळाली. यापुढे ‘वाचता येते कसे?’ हेही विचारू या.