गोळीवर गोळी

माझी आई रात्री पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळून झोपत असे. ‘‘पाय शिवशिवतात रे,’’ एवढंच तिचं निदान. साठी उलटली आणि तो वारसा माझ्याकडे आला. दिवसभर काही नाही. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळू लागतं. उठून चाललं की थांबतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. एकबोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९४५ साली याचं सविस्तर वर्णन केलं. ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव त्यांचंच.

मला प्रामिपेक्झोल मिळालं. मेंदूतल्या डोपामिनची नक्कल करणारी ही गोळी मुळात कंपवाताची. पहिल्याच आठवड्यात मी लहान मुलासारखा झोपलो. दोन वर्षांनी मात्र वळवळ रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला, मग दुपारच्या चहालाच हजर होऊ लागली. हातांतही शिरली. डोस वाढवला, महिनाभर बरं, मग आणखी लवकर. बँकेत मी तीस वर्षं काढली. थकलेलं कर्ज फेडायला नवं कर्ज द्यायचं आणि खातं कागदावर धडधाकट दाखवायचं, हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. त्याचा शेवटही ठाऊक आहे. इथे त्याला ‘ऑग्मेंटेशन’ म्हणतात. औषधच दुखणं वाढवतं. शिवाय काहींना या गोळ्यांनी जुगाराचा नाद लागतो. (मला नाही लागला. पत्नी सांगेल.) २०२५ मध्ये ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’नं या गोळ्या सरसकट देऊ नयेत असं सुचवलं आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन व लोह यांना पुढे आणलं. त्यातल्या पहिल्या दोघांनाही गुंगीचं, तोल जाण्याचं व्याज आहेच, आणि आमच्या वयात पडणं परवडत नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पायांना हात लावण्याआधी गोळ्यांची पिशवी मागितली. तीत शिंकांवरची, झोप आणणारी गोळी निघाली. औषधाच्या दुकानातून मीच आणलेली, रोज रात्री घेतलेली. पाय शांत व्हावेत म्हणून जी घेत होतो, तीच पाय चाळवत होती! उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या हेच करू शकतात. (त्या कुणी आपल्या मनानं बंद करू नयेत.) मग रक्त. हिमोग्लोबिन उत्तम, म्हणून आजवर कुणी पुढे पाहिलंच नव्हतं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, निघाला ३१. या दुखण्यात ७५ किंवा त्याहून कमी असलं तर लोह देण्याचा विचार करतात. काउंटरवर रोकड होती, तिजोरी रिकामी होती. पुरुषमाणसाचं लोह जातं कुठं, म्हणून बाईंनी पोटाचीही तपासणी करवली.

तक्रार एकट्या डॉक्टरांवर नाही. हृदयाचे वेगळे, पोटाचे वेगळे, शिंकांचे आपण स्वतः! आमच्या शाखेत दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. घरातल्या गोळ्यांचा ताळा मात्र कुणीच घालत नाही.

शिंकांची गोळी सुटली. प्रामिपेक्झोल एकदम सोडता येत नाही, वळवळ उसळते. म्हणून थेंबाथेंबानं कमी चाललंय. काही रात्री तीनला उठून दिवाणखान्यात फेऱ्या घालतो. तेव्हा आई आठवते. पाच बाळंतपणं झाली तिची, आणि पोटुशी असताना पाय सर्वांत जास्त छळायचे, असं ती सांगायची. तिच्या रक्तातलं लोह कुणी मोजलं नव्हतं.