डब्यातलं रुखवत

जेवणाच्या डब्यात ससा बसवण्याला माझा विरोध आहे. हा विरोध ऐकीव नाही. मी स्वतः ससा केलेला आहे.

झालं असं, की मार्चात सूनबाई चार दिवस माहेरी वसमतला गेली आणि नेमका त्याच आठवड्यात नातीच्या शाळेतून निरोप आला : शुक्रवारी 'सजवलेला डबा' आणावा, उत्तम डब्याला बक्षीस. नात म्हणाली, "आबा, मला बेंटो पाहिजे." मला आधी वाटलं, ही नव्या चपलांची जात असेल. मग तिनं मोबाइलवर दाखवलं. जपानातली एक बाई भाताचं अस्वल करून, त्याला गाजराच्या फुलांत निजवून, वर अंड्याच्या पोळीचं पांघरूण घालत होती. एवढ्या मायेनं मला कुणी पांघरूण घातल्याचं स्मरत नाही.

"हात्तिच्या! त्यात काय आहे?" असं मी म्हणून बसलो.

"मग तुम्हीच करा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझे धपाटे आता तुमच्या नातीला दिसायला काळे वाटतात."

शुक्रवारी पहाटे पाचला उठलो. पहिला दगा भातानं दिला. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. मिठाच्या पाण्यानं हात ओले करून दाबला की सांगाल तो आकार धरतो. आमच्या घरचा भात मोकळा. शीत न् शीत सुटं व्हावं म्हणून जिनं उभा जन्म खटपट केली, तिलाच "आज जरा गिचका कर" म्हणून सांगायला छाती लागते. डोळ्यांसाठी तिकडे समुद्री शेवाळाचा काळा कागद कातरतात. हिंगोलीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. मी मिरे लावले. कान काकडीचे, नाक डाळिंबाच्या दाण्याचं. रंगाला मात्र वाण नव्हती. हळदीच्या बाजाराचं गाव आमचं. हात सढळ पडला आणि सशाला कावीळ झाली. तरी दोन तासांनी तो डब्यात बसला, आणि खोटं कशाला बोलू, मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

संध्याकाळी डबा परत आला. ससा जसाच्या तसा. झाकण उघडलं तर आंबूस वास. हातानं मळलेला भात गरम असतानाच डब्यात कोंडायचा नसतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर तो तासन् तास ठेवायचाच नसतो, हे मला नंतर कळलं.

"खाल्लं का नाहीस गं?"

"आबा, त्याचा कान कसा मोडू?" मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या मैत्रिणीनं तिच्या ताटलीतली खिचडी मला दिली. मी तिला काय देऊ? डोळा?"

"तिचा डबा कसा सजवला होता?"

"ती स्पर्धेत नव्हती. ती शाळेतच जेवते."

वाचकहो, इथं माझा ससा मेला.

आपल्याकडे शोभेच्या पदार्थांना काय तोटा आहे? लग्नात रुखवत मांडतात. पण ते बघण्यासाठी असतं आणि व्याह्यांनी बघावं म्हणूनच असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंगतीला बसलेल्याच्या पानात कुणी रुखवत वाढत नाही. पानातही मांडणी असते : मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. पण ती जेवणाऱ्याच्या हाताच्या सोयीसाठी. फोटो काढणाऱ्यासाठी नव्हे. आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. त्या लेकरानं देवापुढं नैवेद्य ठेवून हट्ट धरला, तो 'खा' म्हणून. 'बघ' म्हणून नव्हे.

कुणी म्हणेल, अहो, मुलं भाजीला तोंड लावत नाहीत म्हणून ही युक्ती. असेल. एखादे दिवशी पोळीला फुलाचा आकार दिला म्हणून आकाश कोसळत नाही. माझं भांडण फुलाशी नाही, बक्षिसाशी आहे. एकदा डब्याला नंबर लागला की तो मुलाच्या पोटाचा राहत नाही, घरच्या ऐपतीचा होतो. ज्या घरातली आई पहाटेच खुरपं घेऊन निघते, तिनं अस्वल कधी निजवायचं?

गंमत अशी, की हे जपान्यांनी आपल्या आधी भोगलं आहे. 1912 ते 1926 या तैशो काळात तिथं ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा चैनीची वस्तू होता. कुणाच्या डब्यात काय, यावरून वर्गात ऐपत कळू लागली, आणि शाळेत डबेच नकोत असा वाद पेटला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शाळांत सर्वांना सारखं जेवण देण्याची पद्धत पसरली. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. पुष्कळ ठिकाणी मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, शिजवलेलं अन्न द्या. एवढी उठाठेव करून ज्या शाळेत सगळ्यांच्या ताटलीत एक खिचडी आणली, त्याच शाळेत आपण डब्यांचे नंबर काढायचे?

स्पर्धाच घ्यायची तर अशी घ्या : ज्याचा डबा रिकामा परत जाईल त्याला बक्षीस. परीक्षकही लागणार नाहीत.

सोमवारी सौ.नं डबा भरला. दोनाच्या जागी चार धपाटे, शेंगदाण्याची चटणी, बाकी सजावट शून्य. संध्याकाळी मी मुद्दाम झाकण उघडून पाहिलं. आत तुकडा नव्हता. झाकणाला मात्र खिचडीची दोन शितं चिकटली होती.